दूध संस्थेतला स्टुडिओ अल्बम

“फोटोग्राफर कुठं हाय बे? आरं, फोटोग्राफर कुठं हाय?”

चेअरमन साहेब शीतगृहाच्या दारात उभे राहून ओरडत होते, आणि आवाज असा की चौसाळ्याच्या फाट्यावर उभी असलेली एसटी आपल्यालाच हाक आली म्हणून दोन पावलं पुढं सरकली असेल. त्यांच्या मागं दूध संस्थेचं अख्खं संचालक मंडळ. तेरा माणसं. तेराही जणांच्या अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, निम्म्यांच्या डोक्याला फेटे, एकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, आणि सगळ्यांच्या मागं दाव्याला धरून आणलेली एक गाय. गायीच्या शिंगांना गोंडे.

आत आम्ही चौघं. मी कीबोर्डवर बोटं ठेवून. गिटारवाला कानांना हेडफोन लावून लॅपटॉपसमोर. आमची गायिका माइकपुढं डोळे मिटून. आणि ढोलवाला दुधाच्या रिकाम्या कॅनच्या मधोमध, गळ्यात ढोल, हातातली काठी उगारलेली. आठव्या गाण्याचा पहिला ठोका पडायला एक श्वास उरला होता.

“ह्यो काय प्रकार हाय?” साहेब मला म्हणाले. “अल्बम करायचा म्हणलास ना? मग क्यामेरा कुठं हाय?”

तिघांनी माझ्याकडं बघितलं. गायीनंही बघितलं. मी सांगतो ते सगळं नीट ऐका, कारण त्या दिवशी खोटं बोललेला तिथं मी एकटाच होतो, आणि तेही तोंड न उघडता.

त्या साली आमच्या भागात पाऊस एसटीसारखा वागला. पाटी आमच्या गावाची, पण थांबायचा पुढच्या गावाला. गावच्या नळाची तोटी चोरीला गेली, ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. एकानं बोअर घेतलं, तर मशीनवाला घाम पुसत म्हणाला, “मालक, आजून धा फूट गेलो तर पल्याडच्या लोकांची परवानगी काढावी लागंल.” यातलं तोटीचं तरी शंभर टक्के खरं आहे. दुधात पाणी घालणारे त्या साली एकदम सज्जन झाले, कारण दूध परवडलं पण पाणी कुठून आणणार? मग चारा संपला, जनावरं छावणीला गेली आणि दूधही आटलं. संस्थेत थेंब यायचा बंद झाला. उरले ते तेरा संचालक, आणि भिंतीवर रंगवलेली पाटी: भेसळ करणाऱ्यावर कडक कारवाई केली जाईल.

अशा साली आम्ही बँड काढला. माणूस बेचैन झाला की काहीतरी काढतोच. कुणी पक्ष काढतो, कुणी पतसंस्था काढतो. मी तर त्या उन्हाळ्यात एका जागी बसूच शकत नव्हतो. चहाच्या टपरीवर बसलो की पाय हलायचा, पायानं बाकडं हलायचं, बाकड्यानं टपरी, आणि टपरीवाला म्हणायचा, “तू उभाच ऱ्हा बाबा.” गिटारवाला पुण्यातली नोकरी सोडून गावी आला होता, सोबत लॅपटॉप आणि दोन माइक. गायिका बीडला एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवायची. फळ्यावर समीकरण सोडवताना गुणगुणायची आणि पोरं उत्तराऐवजी चाल लिहून घ्यायची. गाणी मी लिहायचो. पण बँड म्हणजे काय, हे गावाला सांगता सांगता नाकी नऊ आले. बँड म्हणलं की लोक विचारायचे, वरातीला किती घेता? इंडी पॉप म्हणलं की म्हणायचे, पाप कावून करायलाव, बाकीचे धंदे संपले का?

आणि चौथा तो, ढोलवाला. त्याच्या घरी मेंढरं. दीडशे तोंडं, एक घोडं, दोन कुत्री आणि बाप. ढोल त्यानं लहानपणापासून वाजवलेला, जत्रेत, धनगरांच्या गजी नाचात. पण आमच्यात आल्यावर त्यानं संस्थेच्या अंगणात गंजत पडलेले दुधाचे कॅन उचलून आणले. एक पालथा, एक उताणा, एकात खडे. त्याच्यावर तो जे वाजवायचा ते मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं आणि नंतरही ऐकलेलं नाही. एकदा विचारलं, “ह्यो ठेका कुठला बे?” तर म्हणाला, “मेंढरं चालत्यात तसं.” मला काही कळेना. त्यानं मला रस्त्यावर नेलं, डोळे मिटायला लावले आणि कळप माझ्या अंगावरून सोडला. अंगावरून म्हणजे दोन्ही बाजूंनी. सहाशे खूर. एकाचाही मेळ दुसऱ्याशी नाही, आणि तरी सगळं मिळून एक चाल. मध्येच एखादं अडखळतं, मागचं त्याला ढकलतं, आणि ते अडखळणंही चालीतच बसतं. मी डोळे उघडले तेव्हा धुळीत मीच पांढरा झालो होतो.

त्या ठेक्यावर आम्ही आठवं गाणं बांधलं. गाणं कसलं, त्याचा ठेकाच होता तो. मी नुसते चार शब्द त्याच्या कडेनं चालवले होते. तो गाण्यांबद्दल कधी काही बोलायचा नाही. पण त्या एका गाण्याबद्दल एकदा म्हणाला होता, “हे आबाला ऐकवायचं. आबा म्हणतो ढोल बडवून काय मिळतंय. ह्याच्यात त्याला मेंढरं वळखू येतील.”

पण बाप निघाला होता. आमच्याकडं पाणी संपलं होतं आणि त्याला गोदाकाठाकडं सरकायचं होतं, तिथून आणखी पुढं, पाऊस पडेपर्यंत. पोरगा सोबत पाहिजेच. दीडशे मेंढरं एकट्यानं हाकायची म्हणजे चाळणीत पाणी धरायचं. मी त्याच्याकडं गेलो.

“मामा, आठ दिवस थांबा.”

“कावून?”

“अल्बम करायचाय.”

“मेंढरं अल्बम खात्यात का?”

मी नेहमीसारखा बोलत राहिलो. तासभर बोललो. बहुतेक मी गप्प व्हावं म्हणून तो कबूल झाला. “आठ दिस. आठव्या दिशी तीन वाजता कळप हालंल म्हंजी हालंल. म्होरच्या गावात एक बागायतदार हाय, त्यानं त्या दिशी सांजच्याला हौद भरून ठिवतो म्हणलंय. दुसऱ्या दिशी त्योच हौद दुसऱ्याच्या कळपाला. मी एक वेळ थांबंन, हौद थांबायचा न्हाई.”

आठ दिवस, आठ गाणी. आता जागा पाहिजे होती. घरात रेकॉर्डिंग करावं तर शेजारची कोंबडी प्रत्येक गाण्यात अंडं घालणार. गिटारवाला म्हणाला, शीतगृह. संस्थेतली ती दूध थंड ठेवायची खोली: हातभर जाड भिंती, आतून थर्माकोल, दार असं की बंद केलं तर बाहेर सभा चालू असली तरी आत स्वतःच्या पापण्यांचा आवाज ऐकू यावा. यंत्रं बंद पडून महिने झालेले. मी चेअरमन साहेबांकडं गेलो.

“साहेब, आपल्या संस्थेत स्टुडिओ अल्बम करायचाय. आठ दिवस शीतगृह द्या.”

आता आमच्याकडं स्टुडिओ म्हणजे फोटोचा. मागं पडद्यावर धबधबा रंगवलेला असतो तो. आणि अल्बम म्हणजे लग्नाचा, जाड पुठ्ठ्याचा, पाव्हण्याच्या मांडीवर आदळला की पाव्हणा कळवळतो तो. साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचे डोळे पाणावले. त्या साली आमच्या गावात मी बघितलेलं पहिलं पाणी ते.

“कुनाच्या डोक्यातून निघालं हे?”

“आमच्याच, साहेब.”

“लई ब्येस. आरं, संस्था काय आता ऱ्हात न्हाई. छावणीच्या पेंडीची पोती ठिवायला मागायलेत खोली, मी आठ-धा दिस म्होरं ढकललंय. दूध गेलं, यंत्रं जातील. मानसं व्हती एवढं तर दिसंल फोटोत.”

फोटो हा शब्द आला आणि मला सगळं लख्ख कळलं. मी तोंड उघडलं. समोर चहा आला होता, तो पिण्यासाठी उघडलं.

“आठव्या दिशी मंडळाला घेऊन येतो,” साहेब म्हणाले. “तवर तुमी तयारी करा.”

मी किल्ली घेतली. बाकी तिघांना एवढंच सांगितलं की साहेब फार रसिक आहेत. माझा हिशोब साधा होता: आठव्या दिवशी मंडळ येईल ते दिवेलागणीला, कारण मंडळ कधी वेळेवर आल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. तोवर गाणी संपतील, ढोलवाला जाईल, आणि साहेबांचं मी बघून घेईन. आठवं गाणं शेवटाला ठेवायची हुशारीही माझीच. चांगलं ते शेवटी खावं, असं आमच्या घरात सांगतात. ते जेवणाबद्दल सांगतात, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

सात दिवसांत सात गाणी झाली. कशी झाली विचारू नका. आत पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज येतो. दार उघडायचं नाही, कारण टँकरचा हॉर्न येतो. शीतगृह म्हणायचं, पण आत असा उकाडा की चौथ्या गाण्यात गायिकेनं जो लांब सूर लावलाय त्याला लोक आर्त म्हणतात. ती फक्त “दार उघडा” म्हणत होती, शब्द आम्ही नंतर बसवले. एका दुपारी गिटारवाला कुणालातरी फोनवर मोठ्यानं म्हणाला, “आज संस्थेत मिक्सिंग करतोय,” तर संस्थेचा शिपाई धावत आला आणि हात जोडून म्हणाला, “दादा, हळू बोला, अजून भेसळीची चौकशी मिटली न्हाई.” रोज संध्याकाळी ढोलवाल्याचा बाप फाटकापाशी येऊन उभा राहायचा. बोटं मोडायचा. पहिल्या दिवशी सात उरले म्हणून सात, मग सहा, मग पाच. सातव्या दिवशी एकच बोट मोडलं आणि गेला.

आणि आठव्या दिवशी दुपारी एक वाजता, आयुष्यात पहिल्यांदा, संचालक मंडळ वेळेच्या आधी आलं.

“साहेब,” गायिका म्हणाली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. “कॅमेरा कशाला? हा गाण्यांचा अल्बम आहे. आमचा इंडी बँड आहे.”

“इंडी म्हंजी?”

“म्हणजे आम्ही कुठल्या कंपनीचे नाही. स्वतंत्र.”

“म्हंजी अपक्ष?”

सहकारात हा शब्द असा अचानक काढायचा नसतो. गोठ्यात साप म्हणल्यासारखं झालं. तेरा जण एकदम दोन पावलं आत आले. काळ्या चष्म्यानं चष्मा काढला.

“पॅनल कुणाचं हाय?” एकानं विचारलं.

“पॅनल नाही हो, बँड.”

“आणि निशाणी?”

ढोलवाला आठ दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलला. चेहऱ्याची रेघही न हलवता म्हणाला, “ढोल.”

एरवी मी हसून जमिनीवर लोळलो असतो. पण साहेबांचा चेहरा बघितला आणि लोळायचं राहून गेलं. मी पुढं झालो. म्हणालो, “साहेब, चूक माझी हाय. तुमी फोटोचं समजलात. मला कळलं व्हतं. मी बोललो न्हाई.”

साहेब ओरडतील असं वाटलं. ते पालथ्या कॅनवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

“म्हंजी फोटो न्हाईत?”

“न्हाईत, साहेब.”

“फेटे केजाहून बांधणारा आणून बांधलेत रे. घरात सांगून आलोय समद्यांनी.” मग गायीकडं बघून म्हणाले, “हिला धुतलंय. या सालात.”

हे ऐकून कुणालाही काही सुचलं नसतं. मला सुचलं. मला नेहमी सुचतं, तोच घोळ आहे. मी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणालो, “तासाभरात उरकू. मग आमचं एकच गाणं ऱ्हायलंय.” ढोलवाल्याकडं बघून म्हणालो, “तीनच्या आत हातावेगळं करतो बघ.” त्यानं काठी मांडीवर ठेवली.

फोटो सुरू झाले. प्रत्येकाला एकट्याचा पाहिजे, मग गायीबरोबर, मग गायीशिवाय पण दावं हातात. गाय कॅमेऱ्याकडं बघेना. तिला माझं खोटं माहीत झालं होतं. एकाचे डोळे दर वेळी मिटायचे, त्याचे अकरा फोटो काढले आणि अकराव्यात गायीचे मिटले. मग कुणीतरी म्हणालं, दूध मोजतानाचा पाहिजे, त्याच्याशिवाय दूध संस्था कशी दिसंल? दूध नाही. शिपायानं भिंतीला मारायचा चुना आणला, वाटीभर पाण्यात कालवला, आणि तेरा जणांनी आळीपाळीनं तो चुना मापानं मोजला. मोजताना मात्र सगळे खरेखुरे गंभीर झाले. एक म्हातारे संचालक माप डोळ्यांच्या उंचीला धरून, हात जराही न हलवता, काठोकाठ बघत राहिले, आणि फोटो काढून झाला तरी त्यांनी माप खाली घेतलं नाही.

मी घाई करत होतो आणि घाईत बोट लेन्सवर येत होतं. ढोलवाला कॅनवर बसून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होता. तोच ठेका, पण बोटांत जरा जास्त जलद. बाहेर कळप फाटकाशी येऊन थांबला होता. थांबलेला कळप म्हणजे काय, हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल: एकही जनावर पुढं जात नाही आणि एकही उभं राहत नाही.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढलं.

“वेळ हाय,” मी म्हणालो.

“घ्या,” ढोलवाला म्हणाला.

गिटारवाल्याचे हात घामेजलेले. पहिला टेक त्यानंच चुकवला. दुसऱ्यात मी एक सूर भलतीकडंच ठेवला. तिसरा लागला. आता मी गप्पा मारतोय असं समजू नका. इथं मला मीठमिरची लावता येत नाही. ढोलावर काठी पडली, कॅनमधले खडे हलले, आणि त्या बंद खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी चालत निघालं. गायिकेनं तोंड उघडलं ते ठरल्यापेक्षा उशिरा, आणि तोच उशीर बरोबर होता. अडखळायची जागा आली, तो अडखळला, मागच्या ठोक्यानं पुढच्याला ढकललं. मला वाटलं, झालं. अर्धं गाणं ओलांडलं होतं.

दार उघडलं. ऊन आत पडलं, त्याच्यामागं चेअरमन साहेब, हसतमुख.

“आरं, समद्यांचा मिळून ऱ्हायलाच की!”

काठी थांबली. कॅनमधले खडे मात्र आणखी क्षणभर वाजत राहिले. मग बाहेरून शीळ आली. लांब, एकच. ढोलवाल्यानं गळ्यातला ढोल काढला.

“एक डाव,” मी म्हणालो. “चार मिनिटं. मी मामांचे पाय धरतो.”

“धरू नको,” तो म्हणाला. “त्यो थांबंल. मग तीन कोस मेंढरं पळवावी लागतील. उन्हात गाभणी मरत्यात.”

गायिका म्हणाली, “दादा, तुम्ही परत आलात की करू.” त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. ढोल घोड्यावर चढला, तो कळपामागं चालू लागला. साहेब दारातच उभे होते. त्यांना काय झालं ते हळूहळू कळत गेलं आणि त्यांचा तो फाट्यापर्यंत जाणारा आवाज पार बारीक झाला. “म्या दार वाजवायला पायजे व्हतं,” ते म्हणाले. मग तेरा जण रांगेत उभे राहिले आणि मी तो फोटो काढला. त्यात सगळ्यांच्या मागं धूळ आहे, त्यामुळं फेटे नीट दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेंडीची पोती येणार होती. म्हणून आम्ही तिघांनी त्याच संध्याकाळी ते गाणं गिटार आणि आवाज एवढ्यावर घेऊन ठेवलं. ढोल नंतर घालू, असं ठरलं. पाऊस आला, ढोलवाला आला नाही. तिकडं चारा बरा लागला म्हणून बाप तिकडंच राहिला. आम्ही वाट बघितली, म्हणजे मी पाय हलवत बघितली. शेवटी गिटारवाला म्हणाला, किती दिवस? आणि आठही गाणी नेटवर सोडली. कुणाकुणाचे फोन आले. मी सांगतो पार अमेरिकेतून आले. एक आला होता, तो चौसाळ्याच्याच माणसाचा, तिकडं राहणाऱ्या. सगळे एकच म्हणायचे: शेवटचं गाणं काय केलंय राव! कुणी असं म्हणलं की मी विषय बदलायचो. मी विषय बदलतोय हे आमच्या घरच्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

ढोलवाल्याच्या फोनला रेंज नसायची. मी गाणी पाठवून ठेवली होती. दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी त्याचाच फोन आला, मागं घंटा, कुत्री, वारा. सात गाण्यांबद्दल तो बोलला. दुसऱ्यात ढोल जरा मोठा ठेवायला पाहिजे होता, म्हणाला. बापाला ऐकवली का, विचारलं. म्हणाला, सहा ऐकून आबा झोपला. मी हसलो. मग हसू संपलं आणि मला धीर करावा लागला. म्हणालो, “ते फोटोचं मी आधी बोलायला पायजे व्हतं. तुझा ठेका माझ्यामुळं गेला.” तिकडं त्यानं मेंढरांना शीळ घातली. मी म्हणालो, “आठवं ऐकलंस का?”

“ऐकलं.”

“मग?”

“ढोल नसला तरी चालतंय त्याला.”